गाय उलटली

पत्र पोस्टानं आलं आणि वडिलांनी ते दुकानातच उघडलं. मंचरला हायवेच्या कडेला आमचं पाइपांचं आणि मोटरींचं दुकान आहे. माझं सगळं टपाल तिथंच येतं. पत्र वाचून त्यांनी मला फोन केला.

"बेटा, कुठं आहेस?"

"राजुरीत. एका वासराला सलाइन लावलंय."

"ते संपव आणि ये. गाडी हळू चालव."

गाडी हळू चालव असं पप्पा कधी म्हणत नाहीत. उलट मी फार हळू चालवते म्हणून चिडवतात. सलाइनची बाटली रिकामी होईपर्यंत मी वासराजवळ उकिडवी बसून राहिले. त्या घरची माणसं माझ्याशी बोलत होती, मी मान हलवत होते, आणि काय बोलत होती ते आज मला आठवत नाही.

पत्र राज्याच्या पशुवैद्यक परिषदेचं होतं. आमच्या कामात नुसती पदवी पुरत नाही. पदवी घेतली की परिषदेच्या नोंदणीपुस्तकात नाव लावून घ्यावं लागतं, मग एक नंबर मिळतो, आणि तो नंबर आपल्या प्रत्येक चिठ्ठीवर आणि दाखल्यावर सहीखाली येतो. नाव त्या पुस्तकात असेपर्यंत मी डॉक्टर. नसेल, तर माझ्या हातातली सिरिंज बेकायदा. पत्रात लिहिलं होतं की माझ्याविरुद्ध निष्काळजीपणाची तक्रार आली आहे, आणि तुमचं नाव नोंदणीतून कमी का करण्यात येऊ नये याचा खुलासा करावा.

सोबत तक्रारीची प्रत होती, इंग्रजीत टाइप केलेली. मजकूर थोडका होता. आमची गाय कोसळली. आईने डॉक्टरांना फोन करून कळवले. डॉक्टर म्हणाल्या, "उद्या येते." गाय मेली.

खाली लोणीच्या एका माणसाची सही. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. तो चाकणला कंपनीत आहे एवढं माहीत होतं. त्याच्या आईला मात्र मी ओळखत होते. घरात ती एकटीच असते आणि तिच्याकडे एकच गाय होती, काळीपांढरी, डावं शिंग टोकाला मोडलेलं. ती गाय मेल्याचं मला दूध संकलन केंद्रावर कळलं होतं, तेही उशिरा.

"तू असं म्हणाली होतीस?" पप्पांनी विचारलं.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. कारण 'उद्या येते' हे माझंच वाक्य होतं. फोनवर मला फार बोलता येत नाही. समोरचा बोलत असतो, मी ऐकत असते, आणि शेवटी 'आत्ता निघते' किंवा 'उद्या येते' एवढंच म्हणून फोन ठेवते. तक्रारीतलं बाकी सगळं मला परकं वाटत होतं, पण ती दोन शब्दांची ओळ वाचताना माझा स्वतःचा आवाज ऐकू येत होता. गाय कोसळलेली असताना मी असं म्हणणं शक्य नाही, हे मला माहीत होतं. तरी दिवसभरात इतके फोन येतात. एखादा नीट ऐकला नसेल तर? स्कूटी चालवताना, हेल्मेटमधून?

"सांग ना," पप्पा म्हणाले.

"आठवत नाही," मी म्हणाले. त्यांचा चेहरा मी बघितला नाही.

त्या दिवसानंतर मी कुणालाही 'उद्या येते' म्हणू शकले नाही. गोचीड झालेत असा फोन आला तरी निघायचे. शेळी एक वेळ चारा खात नाही असं कुणी म्हणालं तरी निघायचे. निमगाव सावाला एका गोठ्यात मी धापा टाकत पोचले, तर तिथली म्हातारी म्हणाली, "मॅडम, लई पळताय. बिबट्या लागलाय का मागं?" सगळे हसले. बिबट्याची भीती मला तशी सवयीची आहे. उसाच्या कडेनं जाताना हॉर्न वाजवत जायचं, अंधार पडायच्या आत परत यायचं, एवढं पाळलं की झालं. या भीतीला काय पाळायचं ते कळत नव्हतं. जनावराला हात लावताना वाटायचं, हा हात पुढच्या महिन्यात चालेल का? चिठ्ठीवर सही करून नंबर लिहिताना प्रत्येक आकडा मी जपून काढायचे.

घरात कुणी मला काही विचारत नव्हतं, आणि तेच जास्त जड जायचं. आम्ही मूळचे राजस्थानचे व्यापारी, घरात गोठा कधी नव्हता, शाळा इंग्रजी माध्यमाची. मी पशुवैद्यकीला जाते म्हणाले तेव्हा नातेवाइकांनी वडिलांना बरंच ऐकवलं होतं. आता त्यातलं कुणी दुकानात आलं की पप्पा ते पत्र गल्ल्याखालच्या खणात सरकवायचे.

खुलासा कसा लिहायचा हे विचारायला मी माझ्या सरांकडे गेले. सर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेत. मी त्यांच्या हाताखाली काम शिकले. त्यांनी तक्रार वाचली आणि पहिल्यांदा विचारलं, "गाय बसली तेव्हा औषध कुणी केलं?"

"मला माहीत नाही. मी नव्हते."

"तो फटफटीवाला असेल."

आमच्या पट्ट्यात एक माणूस मोटारसायकलवर इंजेक्शनं घेऊन फिरतो. लोक त्यालाही डॉक्टरच म्हणतात. पदवी नाही, नंबर नाही. दारावरून जातो, हाक मारली की थांबतो, मी वीस किलोमीटरवरून पोचेपर्यंत त्याच्या दोन सुया टोचून झालेल्या असतात.

"मग तक्रार त्याच्यावर का नाही?" मी विचारलं.

"परिषदेकडे तक्रार करायची तर ज्याच्यावर करायची त्याचं पुस्तकात नाव लागतं. त्याचं नाव कुठं आहे? तुझं सापडलं. बरं, हे इंग्रजी ठेव बाजूला. त्या बाईनं फोनवर काय म्हटलं असेल? तिच्या तोंडचं सांग."

मी आठवायचा प्रयत्न केला. गाय खाली पडून उठत नसेल तर इकडे 'गाय बसली' म्हणतात. कुणी 'आडवी झाली' म्हणतं. मी दोन्ही मनात त्या बाईच्या आवाजात म्हणून पाहिलं. जुळेना. मग 'मॅडम, गाय' एवढंच म्हटलं आणि पुढचा शब्द आपोआप आला.

उलटली.

आणि तो शब्द आल्याबरोबर मला माझी सुरुवातीची फजिती आठवली. काम सुरू केलं त्या दिवसांत निमगाव सावावरून फोन आला होता, "मॅडम, गाय उलटली, या लवकर." मला वाटलं, गाय पाय वर करून पडली. पोटफुगी असेल, नाहीतर दुधाचा ज्वर. कॅल्शियमच्या बाटल्या, पोटातला वायू काढायची सुई, सगळं पिशवीत कोंबलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्कूटी जोरात पळवली. गोठ्यात बघते तर गाय चारी पायांवर उभी, मान वर करून हंबरतेय, शेपटी हलवतेय. मी घाबरून विचारलं, "उठली का?" गोठ्यातला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. "अवं मॅडम, उलटली म्हंजी चाकं वर करून पडली न्हाई. ट्रॅक्टर हाय का ती?" भरवलेली, म्हणजे रेतन केलेली गाय गाभण राहिली नाही आणि पुन्हा माजावर आली, की गाय उलटली म्हणतात. कॉलेजात याला इंग्रजी नाव होतं, ते मला पाठ होतं. पुढं कित्येक दिवस त्या गावात मी गेले की कुणीतरी विचारायचं, "मॅडम, जॅक आणलाय का?"

लोणीच्या बाईचा फोन तोच होता. गाय उलटली. आणि उलटलेल्या गायीला कुणी धावत जात नाही. वेळ बघून जावं लागतं, बरेचदा दुसऱ्या दिवशी. म्हणून मी म्हणाले, उद्या येते. आणि गेलेही होते. गाय मेली त्याच्या बरंच आधीची ही गोष्ट.

"सर, मी तिला फोन करू? ती सांगेल."

"अजिबात नाही." सरांचा आवाज चढला. "फोन नाही, भेट नाही, कुणाकडून निरोप नाही. दबाव आणला म्हणतील आणि मग खरंच अडकशील. तुला आत्ता सुचलेला शब्द हा तुझा अंदाज. खुलाशात लिही, पण तो तिच्या तोंडून आला पाहिजे."

मी लिहिला. इंग्रजीत लिहिलेला खुलासा चांगला दिसत होता, आणि वाचल्यावर खोटा वाटत होता. अडकलेल्या माणसानं शोधून काढलेल्या पळवाटेसारखा.

सुनावणी पुण्यात होती, एका सरकारी इमारतीत, दोन्ही बाजूंना जवळ पडावं म्हणून. बाहेर लाकडी बाकं होती. मी पोचले तेव्हा समोरच्या बाकावर ती आणि तिचा मुलगा बसले होते. ती गोठ्यात दिसते त्यापेक्षा लहान दिसत होती, इस्त्रीची साडी, मांडीवर कापडी पिशवी. मला बघून ती सवयीनं हसली. मग तिनं मुलाकडे पाहिलं आणि हसू आत घेतलं. मुलगा फाइल धरून ताठ बसला होता. त्याचा राग मला कळत होता. ती गाय त्यानंच आईसाठी आणली होती. आई एकटी पडू नये, तिचा दिवस जावा, म्हणून. हे तीच मला चहा घ्यायचा आग्रह करता करता सांगायची.

आत टेबलामागं तिघं होते, दोन पुरुष आणि एक बाई. आधी मुलगा बोलला. नीट बोलला, मुद्द्याला धरून. कोसळलेल्या जनावराकडे डॉक्टर आल्या नाहीत, असं तो म्हणाला तेव्हा क्षणभर मलाही वाटलं की त्या डॉक्टरला शिक्षा व्हायला हवी.

मग माझी पाळी. पाठ करून आलेलं सगळं गेलं. "गाय कोसळल्याचा फोन मला आला नाही," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोला," टेबलामागच्या बाई म्हणाल्या.

मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले. दुसरं निघेना. हातरुमाल हातात होता, तो मी बोटाला इतका घट्ट गुंडाळला होता की बोट पांढरं पडलं.

मधे बसलेल्यांनी त्या आईकडे पाहिलं. "मावशी, फोन तुम्ही केला होता ना? तुम्ही सांगा."

"सर, मी सांगितलंय सगळं," मुलगा म्हणाला. "तिला असं बोलायची सवय नाही."

"त्यांना बोलू द्या. फोनवर काय म्हणालात, मावशी? जसं म्हणालात तसंच सांगा."

मी खाली फरशीकडे बघत होते. तो शब्द तिनं आता बदलला, मुलाच्या समोर दुसरा शब्द वापरला, तर माझं पुढचं सगळं आयुष्य पाइपांच्या दुकानात. मला मनातल्या मनात सुद्धा तिला काही सांगायची भीती वाटत होती.

"काय म्हणले?" ती म्हणाली. "म्हणले, मॅडम, गाय उलटली."

टेबलामागचे तिघंही एकदम वर बघू लागले. बाईंनी विचारलं, "उलटली म्हणजे?" त्यांना ठाऊक होतं, नोंद व्हावी म्हणून विचारत होत्या.

"उलटली म्हंजी उलटली. भरवली व्हती, राहिली न्हाई. परत माजावर आली. वरडून वरडून गोठा डोक्यावर घेतला व्हता."

"पडली नव्हती?"

"पडंल कशाला? दावं तोडायला निघाली व्हती ती!"

"मग मॅडम आल्या?"

"आल्या की, दुसऱ्या दिशी. भरवून गेल्या. च्या न्हाई घेतला. कधीच घेत न्हाईत."

मुलगा आईकडे बघत होता. "उलटली म्हणजे..." तो हळूच म्हणाला. "इंग्रजी करायला मी हा शब्द फोनमध्ये टाकून बघितला होता. कोसळली असंच आलं."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मधे बसलेले गृहस्थ अजून लिहीत होते, आणि वर न बघता त्यांनी विचारलं, "मग गाय बसली, ती कधी?"

"त्ये मागनं. लई दिसांनी."

"तेव्हा कुणाला फोन केला?"

पिशवीचा बंद तिनं बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, एक वेढा, दुसरा वेढा. मग मुलाकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. इतके दिवस आरशात बघत होते मी ती. या खोलीत घाबरलेली मी एकटी नव्हते, आणि ती माझ्याहून जास्त घाबरली होती. मला ज्यांची भीती होती ते टेबलापलीकडं बसले होते. तिला ज्याची भीती होती त्याच्याबरोबर तिला घरी जायचं होतं.

"फोन न्हाई केला," ती म्हणाली. "त्यो दारावरनंच चालला व्हता. मीच हाक मारली."

"कोण?" मुलानं विचारलं.

"त्योच."

"आई, मी तुला सांगितलं होतं, त्याला गोठ्यात घ्यायचं नाही. शंभरदा सांगितलं होतं."

"व्हय. सांगितलं व्हतं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझी गाय. तुझा आवाज फोनवर असा चढला. म्या म्हणलं, उलटली तवा मॅडमला फोन केला व्हता, त्या म्हणल्या उद्या येते. तेवढंच म्हणले. खोटं न्हाई बोलले. मधलं तू इचारलंच न्हाई."

मुलानं फाइल मिटली, उघडली, परत मिटली. मधल्या गृहस्थांनी त्याला त्या माणसाबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले आणि सांगितलं की परिषदेत नाव नसलेल्या माणसानं उपचार केले असतील तर ती तक्रार वेगळी, ती पोलिसांत. मग आम्हाला जायला सांगितलं. निर्णय लेखी कळवू, म्हणाले.

बाहेर मुलगा खिडकीशी पाठ करून उभा राहिला. ती माझ्याजवळ आली.

"मॅडम, तुमचं काय काढून घेणार व्हते?"

"नंबर."

"फोनचा?"

"नाही. डॉक्टरकीचा."

"मंग तुमाला गाई बघता आल्या नसत्या?"

"नाही."

"मला न्हाई सांगितलं कुणी," ती म्हणाली. मग मुलानं हाक मारली, "चल." मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, पण जिन्यापाशी त्यानं तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली एवढं दिसलं. घरी जाऊन तो तिला काय बोलला असेल, याचा विचार मी बसमध्ये बसून करत होते. माझ्या स्वतःच्या निकालाचा विचार नंतर आला.

निकालाचं पत्रही दुकानातच आलं. पप्पांचा फोन. "बेटा, कुठं आहेस?" तक्रार निकाली काढली आहे, असं त्यांनी वाचून दाखवलं. मी हो म्हणाले. "गाडी हळू चालव," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

भीती पत्रासारखी निकाली निघत नाही. आता कुणाचाही फोन आला, काहीही दुखणं असलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "उभी आहे का?" पट्ट्यात सगळ्यांना हे माहीत झालंय. काही जण 'हॅलो'च्या आधीच म्हणतात, "उभी हाय, मॅडम, घाबरू नका!" एकानं तर कुत्र्यासाठी फोन करून हे सांगितलं. मी हसते आणि तरीही विचारते.

परवा लोणीवरून फोन आला. आवाज ओळखला आणि मी स्कूटी बाजूला घेतली. तिच्याकडे नवीन गाय आलीय, हे मला संकलन केंद्रावर कळलं होतं. मुलानंच आणली म्हणे.

"मॅडम, गाय उलटली," ती म्हणाली, आणि मला विचारायची संधी न देता पुढं म्हणाली, "उभी हाय. वरडतीय. खातीय, पितीय. आजच वरडाय लागलीय. मी समदं सांगितलं, आता तुमी सांगा."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. मी हेल्मेट काढलं, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि तिला पुन्हा एकदा सगळं विचारलं. ती न कंटाळता सांगत राहिली.

"उद्या येते," मी म्हणाले.

"या," ती म्हणाली. "आन च्या घ्यावा लागंल."

फोन ठेवला तेव्हा त्याच्या काचेवर माझ्या गालाचा घाम होता. ओढणीनं पुसला, पण लगेच निघाले नाही. ती परत फोन करते का, याची थोडा वेळ वाट बघत तिथंच थांबले.